ट्रोम्सोत कुठे राहायचं? आधी चढ बघा, मग बाकीचं

परत आल्यापासून चार जणांनी विचारून झालंय, तुम्ही नॉर्वेतल्या त्या नॉर्दर्न लाइट्सच्या गावाला गेला होतात ना, कुठे राहिलात, लिंक पाठव. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाचं इथे लिहून टाकते. लिंक मात्र कोणालाच देणार नाहीये, कारण पहिलं जे बुक केलं होतं ते चुकलं, आणि दुसरं जे मिळालं ते केवळ कोणीतरी ऐनवेळी कॅन्सल केलं म्हणून. पण का चुकलं ते नीट कळलंय, आणि तेच सांगण्यासारखं आहे.

गेलो आम्ही तिघं. मी, नवरा आणि माझी आई. आईचं वय ६६, चालायची सवय उत्तम, एक गुडघा मात्र मनात येईल तेव्हा बोलतो. जानेवारीचा मध्य निवडला कारण नवऱ्याला सुट्टी तेव्हाच होती, आणि अंधार जितका जास्त तितके लाइट्स दिसायचे चान्सेस जास्त हे आमचं गणित. ते गणित चूक नाहीये पण अर्धवट आहे, त्यावर पुढे येते.

आधी गावाचा आकार डोक्यात घ्या, त्याशिवाय कुठे राहायचं हे कळणारच नाही. ट्रोम्सो आर्क्टिक सर्कलच्या साधारण साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे आणि मुख्य शहर एका बेटावर आहे. बेटाच्या पूर्वेच्या काठावर सेंटर, बंदर, दुकानं, सगळी गर्दी. पश्चिमेच्या काठावर एअरपोर्ट. मधे उंटासारखा उंचवटा, आणि त्या उंचवट्याच्या डोक्यावर प्रेस्टव्हानेट नावाचं तळं. सेंटरमधून पूर्वेला पूल ओलांडला की ट्रोम्सडालेन, तिथे ते त्रिकोणी आर्क्टिक कॅथेड्रल आणि केबल कार. पश्चिमेला दुसरा पूल ओलांडला की क्वालोया, म्हणजे खरं मोठं बेट, डोंगर, फ्योर्ड (डोंगरांच्या मधे शिरलेल्या समुद्राच्या खाड्या), कुत्र्यांच्या स्लेज वगैरे. थोडक्यात, सेंटरच्या मुख्य रस्त्यावरून, स्टूरगातावरून, बेटाच्या आतल्या बाजूला वळलात की लगेच चढ सुरू. हे नकाशात दिसत नाही. बुकिंगच्या साइटवर तर मुळीच दिसत नाही, तिथे फक्त ‘सेंटरपासून १.१ किमी’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि आपण म्हणतो हॅ, एक किलोमीटर काय, रोज भाजी आणायला त्याहून जास्त चालतो.

आता दुसरी गंमत. एवढ्या उत्तरेला आहे म्हणजे उणे तीस असेल असं सगळ्यांना वाटतं. नसतं. गल्फ स्ट्रीमच्या गरम पाण्यामुळे बंदर गोठत नाही आणि थंडीत तापमान बरेचदा उणे चार-पाचच्या आसपास घुटमळतं, मधेच शून्याच्या वर जातं, पाऊस पडतो, बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी परत गोठतं. म्हणजे रस्त्यावर भुसभुशीत बर्फ नाही तर काच. त्यावर पाण्याचा पातळ थर आला की संपलंच. आपण घाबरतो थंडीला, खरी घाबरायची गोष्ट ही काच आहे. थंडीला कपडे असतात हो.

तर आमचं बुकिंग. आम्ही निघायच्या जेमतेम पाच आठवडे आधी शोधायला बसलो (इथे नवऱ्याचं म्हणणं आहे की तो ऑक्टोबरपासून सांगत होता, असेल) आणि सेंटरमधलं सगळं एकतर फुल नाहीतर असा रेट की मी स्क्रीन रिफ्रेश करून पाहिली. नंतर कळलं की जानेवारीत तिथे इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल असतो, १९९१ पासून चालू आहे, आणि आमचा आठवडा नेमका तोच. अख्खं गाव सिनेमावाल्यांनी भरलेलं, चौकात बर्फात उघड्यावर पडदा लावून पिक्चर दाखवतात, लोक जाड कोट घालून उभे राहून बघतात. बघायला मजा आहे पण हॉटेल शोधताना नाही. तेव्हा तारखा ठरवायच्या आधी त्या आठवड्यात गावात काय आहे हे बघून घ्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सामी लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, आठवडा असतो, तेव्हा मुख्य रस्त्यावर रेनडिअरची शर्यत लावतात, तेव्हाही हाच प्रकार होणार.

मग आम्हाला मिळाला एक अपार्टमेंट. उंचवट्यावरच्या रहिवासी भागात, लाकडी घराचा तळमजला, किचन, दोन खोल्या, फोटोत खिडकीबाहेर निळसर बर्फ, रिव्ह्यू सगळे ‘अप्रतिम शांतता’ छाप. ते रिव्ह्यू उन्हाळ्यातले होते हे मी नंतर पाहिलं. महिना बघायचा असतो रिव्ह्यू वाचताना, हे एक लिहून ठेवा.

शनिवारी रात्री पोचलो. ऑस्लोहून दोन तासाची फ्लाइट, एअरपोर्टवरून ४२ नंबरची बस सेंटरला येते, बस एकदम झकास, गरम, वेळेवर. आणि तिथून ते १.१ किलोमीटर. पहिले दोनशे मीटर सपाट, आम्ही फोटो काढतोय, आई म्हणतेय किती छान खिडक्यांत दिवे लावलेत बघ. मग वळण आणि चढ. बॅगेची चाकं बर्फात फिरत नाहीत हे आपल्याला माहीत असतं, पण ‘माहीत असणं’ आणि २३ किलोची बॅग नांगरासारखी ओढणं यात फरक आहे. वरच्या थरावर खडी टाकलेली होती, ती बर्फात बुडून गेली होती. नवरा दोन बॅगा घेऊन पुढे, मी एक बॅग आणि एका हाताला आई, आणि एका क्षणी माझा हात हलका झाला आणि बघते तर आई रस्त्यावर बसलेली. पडली नाही, अक्षरशः बसली, हळूच, मांडी घालायच्या बेतात. लागलं काही नाही. पण तिथून उठता येईना, पाय टेकवला की सरकतो. मी उठवायला गेले तर मीही सरकले. दोघी बसलोय रस्त्यात आणि हसतोय, आणि हसताना मला आतून घाम फुटलेला की हिचा गुडघा गेला असता तर. कुत्रा फिरवायला निघालेला एक माणूस आला, काही न बोलता आईला काखेत धरून उभं केलं, बूट दाखवले, त्याच्या बुटांना खाली खिळे होते. एक बॅग उचलून वरपर्यंत आणून दिली आणि गेला. तेवढ्या रस्त्याला आम्हाला पन्नास मिनिटं लागली.

ते खिळे म्हणजे ब्रोडर. रबराची पट्टी असते, बुटाला खालून चढवायची, त्याला लोखंडी टोकं. स्पोर्ट्सच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, किराणा दुकानातसुद्धा मिळतात. पण दुसऱ्या दिवशी रविवार. नॉर्वेत रविवारी दुकानं बंद असतात, अगदी मोठी सुपरमार्केटंसुद्धा, एखादं छोटं दुकान उघडं असतं तेवढंच. शनिवारी रात्री पोचणाऱ्या माणसाच्या घरात दूध नाही, ब्रेड नाही, खिळे नाहीत. नवरा एकटा उतरून गेला आणि दीड तासाने दूध, अंडी, चीज आणि एक काळानिळा कोपर घेऊन आला. आई आणि मी खिडकीत बसून समोरचा रस्ता बघत राहिलो. अकरा वाजता कुठे निळा उजेड झाला, त्या उजेडात समोरून एक आजीबाई आल्या, ऐंशीच्या तरी असतील, एका खुर्चीसारख्या गाडीला मागून धरून. खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, पुढे बसायची जागा, तिथे किराण्याची पिशवी ठेवलेली, आजी एका पट्टीवर पाय ठेवून दुसऱ्या पायाने ढकलत सुर्रकन उतारावरून गेल्या. त्याला स्पार्क म्हणतात, तिकडचे म्हातारे लोक वॉकरसारखं वापरतात म्हणे. आई ते बघून गप्पच झाली. मग म्हणाली, ‘मला पण तसलं एक आण.’

त्या घराची एक बाजू घेते, उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही. वर असल्यामुळे प्रेस्टव्हानेट तळं दहा मिनिटांवर होतं, आणि तो रस्ता जवळजवळ सपाट. सोमवारी ब्रोडर आणले, आईच्या बुटाला चढवले, आणि रात्री नऊला तळ्याकाठी गेलो. तिथे झाडांमुळे सेंटरपेक्षा अंधार असतो. अर्धा तास काहीच नाही, ढगांच्या मधे एक फट, त्यात चांदण्या. मग उत्तरेला एक फिकट पट्टा आला, मला वाटलं ढगच आहे, धुरासारखा पांढुरका. नवऱ्याने फोन वर धरून फोटो काढला तर फोनमध्ये हिरवागार. हे कोणी सांगत नाही, कमजोर असेल तर डोळ्याला राखाडीच दिसतं आणि कॅमेऱ्याला हिरवं. दहा-बारा मिनिटांनी मात्र तो पट्टा हलायला लागला, खालची कड हिरवी झाली आणि पडदा कोणी झटकावा तसा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलला. आई ‘अगं अगं अगं’ एवढंच. मग ढग आले आणि संपलं. फुकटात पाहिलं बरं का, टूर नाही काही नाही.

पण तरी मंगळवारी आम्ही घर सोडलं. कारण रोज एकदा खाली उतरायचं आणि एकदा वर चढायचं म्हणजे आईला दिवसातून एकच फेरी झेपणार, आणि जानेवारीत उजेडच मुळी तीन-चार तासांचा, त्यात थकून परत येऊन आराम करून संध्याकाळी परत बाहेर पडायचं हे होणारच नव्हतं. आणि ट्रोम्सोचा सगळा दिनक्रमच तो आहे, सकाळी बाहेर, दुपारी खोलीवर, रात्री परत बाहेर. शिवाय बहुतेक सगळ्या टूर सेंटरमधून निघतात, बंदराजवळच्या बस टर्मिनलपासून किंवा मोठ्या हॉटेलांच्या दारातून. रात्री दीड वाजता टूर तुम्हाला परत तिथेच सोडते. तिथून काचेच्या चढावरून वर जायचं, उणे आठमध्ये. नको.

सेंटरमधल्या एका जुन्या इमारतीत खोली मिळाली, तिघांत एक खोली, बाथरूम कॉरिडॉरमध्ये, किचन कॉमन, आणि पैसे अपार्टमेंटच्या जवळपास दुप्पट. मला एका क्षणासाठीही वाईट वाटलं नाही. दारातून बाहेर पडलं की सपाट रस्ता, तीन मिनिटांवर बस, पाच मिनिटांवर सुपरमार्केट.

म्हणून माझं मत विचाराल तर, थंडीत, गाडी नसताना, सोबत कोणी वयस्कर किंवा लहान मूल असताना, सेंटरमध्ये सपाट पट्ट्यात राहा. स्टूरगाता आणि समुद्र यांच्या मधली जागा बघा, किंवा स्टूरगाताच्या वर एक-दोन गल्ल्या फार तर. खोली छोटी चालेल, ब्रेकफास्ट असेल तर बघा, कारण नॉर्वेतले हॉटेलचे ब्रेकफास्ट दणदणीत असतात आणि बाहेर खाणं खिसा फाडणारं. बजेट कमी असेल आणि पाय तरुण असतील तर ट्रोम्सडालेन चांगलं, पुलापलीकडे, बसेस सतत आहेत, कॅम्पिंगच्या केबिन वगैरे तिकडे मिळतात. पूल चालत ओलांडता येतो, एक किलोमीटरचा आहे, १९६० चा, पण मधोमध जो वारा लागतो तो आयुष्यभर लक्षात राहतो. मी एकदा गेले, एकटी, पुरे. एअरपोर्टच्या बाजूची हॉटेलं स्वस्त दिसतात पण मग रोज बेट ओलांडून यायचं. आणि क्वालोयावरच्या त्या समुद्रकाठच्या काचेच्या केबिन, इन्स्टावर दिसतात त्या, त्या गाडी असेल तरच, आणि बर्फात गाडी चालवायची सवय असेल तरच. ‘खोलीतून लाइट्स दिसतात’ या एका वाक्यावर भाळून पैसे ओतू नका. ढग असले की काचेच्या छतातून ढगच दिसतात.

कारण ट्रोम्सोत लाइट्सचा प्रश्न लाइट्सचा नसतोच, ढगांचा असतो. गाव नेमकं त्या ऑरोराच्या, म्हणजे लाइट्सच्या, पट्ट्याखाली आहे, त्यामुळे ते केपी इंडेक्स (लाइट्सचा जोर किती असेल त्याचा आकडा) वगैरे ॲपमध्ये बघत बसायची गरज नाही, कमी आकड्यालाही दिसतात. आकाश मोकळं पाहिजे बस. आणि समुद्रकाठी असल्यामुळे तेच नसतं. म्हणून टूरवाले काय करतात, तर गाडीत घालून दोन-तीन तास आतल्या बाजूला नेतात, शिबोटनच्या दिशेने, तिथली हवा कोरडी असते, आणि गरज पडली तर सरळ फिनलंडच्या हद्दीत. पासपोर्ट जवळ ठेवा म्हणतात ते यासाठी. मोठी बस आणि छोटी व्हॅन असे दोन प्रकार. मोठी बस स्वस्त, पण बरेचदा ठरलेल्या जागी जाते. छोटी व्हॅन आकाश बघून दिशा बदलते, पण सात-आठ तास, मधे टॉयलेट मिळेलच असं नाही, आणि परत यायला दोन-तीन वाजतात. मी आणि नवरा व्हॅनने गेलो, आईने सांगितलं मी पाहिलेत, तुम्ही जा. सीमेच्या अलीकडे एका पार्किंगमध्ये उणे अठरा होतं, गावापेक्षा कितीतरी थंड, शेकोटी पेटवली, सूप दिलं, आणि अर्धा तास डोक्यावर नाच चालू होता, गुलाबी कडसुद्धा दिसली. अप्रतिम होतं. पण खरं सांगू, तळ्याकाठची ती दहा मिनिटं मला जास्त आठवतात.

टूर पहिल्या रात्रींपैकीच बुक करा, शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका, म्हणजे ढग आले तर दुसरा चान्स राहतो. आणि निदान चार रात्री तरी ठेवा. दोन रात्रींसाठी येऊन रडत परत जाणारे लोक आम्ही ब्रेकफास्टला पाहिलेत.

व्हेल बघायला आम्ही गेलो नाही. हेरिंग माशांच्या मागे हंपबॅक आणि ओर्का येतात, नोव्हेंबर ते जानेवारी, पण आता ते ट्रोम्सोजवळ नाही तर वर शेर्वोयकडे असतात, बोटीने एका बाजूचे साधारण तीन तास, उघड्या समुद्रातून, जानेवारीत. आई बागेतल्या झोक्यावर बसली तरी तिला मळमळतं. विषय संपला. जाणार असाल तर गोळी आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर नाही.

स्लेजचं आमच्यात भांडण झालं. नवऱ्याला कुत्र्यांची हवी होती, स्वतः हाकायची. आईला रेनडिअर. शेवटी तो एकटा गेला आणि संध्याकाळभर भुंकण्याच्या आवाजाची नक्कल करत होता, आम्ही दोघी सामी कुटुंबाच्या कॅम्पवर. रेनडिअरची स्लेज म्हणजे वेग शून्य, चालत्या माणसाबरोबर चालते, पण आईला तेच पाहिजे होतं. रेनडिअरना बादलीतून खायला घालायचं असतं, ते तोंड बादलीत घालून असं काही ढकलतात की दोन्ही हातांनी धरावी लागते. त्यांच्या चालताना टक् टक् असा आवाज येतो, पायातल्या शिरेचा, आम्हाला आधी वाटलं स्लेजचंच काहीतरी वाजतंय. मग लाव्वूत, म्हणजे त्यांच्या तंबूत, चूल मधोमध, बिदोस नावाचा रेनडिअरच्या मटणाचा रस्सा (आईला वेगळं भाज्यांचं सूप दिलं, आधी कळवलं होतं), आणि एका मुलीने योइक, म्हणजे सामींचं पारंपरिक गाणं, म्हटलं. तिने सांगितलं की योइक एखाद्या माणसा‘विषयी’ नसतं, योइक म्हणजे तो माणूसच. तिने तिच्या आजीचं म्हटलं. धूर डोळ्यात गेला असेल म्हणा, पण आईने डोळे पुसले. एक व्यवहाराचं, या टूरवर जाड थर्मल सूट आणि बूट तेच देतात, त्यामुळे महागडे कपडे विकत घ्यायच्या आधी विचारून घ्या. आम्ही एक जॅकेट उगाच घेतलं.

केबल कार, फ्येलहायसेन. १९६१ ची आहे, ४२१ मीटरवर नेऊन सोडते, २६ नंबरची बस थेट खालच्या स्टेशनला जाते. वारा असेल तर बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आधी साइटवर बघा, आम्ही एकदा न बघता गेलो आणि बंद दारासमोर फोटो काढून परत आलो. दुसऱ्यांदा दुपारी बाराला वर गेलो आणि ती वेळ बरोबर आहे. सूर्य नसतो पण दक्षिणेकडे गुलाबी-केशरी कड, बाकी सगळं निळं, आणि खाली अख्खं बेट दिव्यांसकट, दोन्ही बाजूचे पूल. सगळा नकाशा एका नजरेत. तिथे उभं राहून मी आमचं ते पहिलं घर शोधलं आणि नवऱ्याला दाखवलं, बघ, हा चढ. इथे दिसतोय. बाजूने शेर्पांनी बांधलेला दगडी जिना आहे, १२०३ पायऱ्यांचा, नेपाळहून आलेल्या शेर्पांनी. तो उन्हाळ्यात चढा, थंडीत नको.

खालीच ते आर्क्टिक कॅथेड्रल, १९६५ चं, बर्फाचे तुकडे एकामागे एक उभे केल्यासारखं. आत पूर्वेची अख्खी भिंत रंगीत काचेची. आणि नाव कॅथेड्रल असलं तरी ते खरं कॅथेड्रल नाहीच, साधं त्या भागाचं चर्च आहे, बिशपचं खरं कॅथेड्रल गावात आहे, १८६१ चं, लाकडी, पिवळसर, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला तेच जास्त आवडलं.

पोलार म्युझियमला जा, पण मन घट्ट करून. बंदरावरच्या जुन्या लाल लाकडी गोदामात आहे. सील आणि अस्वलांच्या शिकारीवर हे गाव जगलं, आणि ते लपवत नाहीत. एक लाकडी पेटी ठेवलीये, आत बंदूक बांधलेली, चापाला दोरी, दोरीला आमिष. अस्वलाने डोकं आत घालून आमिष ओढलं की गोळी थेट डोक्यात. हेन्री रुडी नावाच्या एका माणसाने ७१३ अस्वलं मारली. आई तिथून बाहेरच आली. मग पुढच्या खोलीत तिला वानी वोल्दस्ताद सापडली, ही बाई ट्रोम्सोत टॅक्सी चालवायची, आणि १९३२ ला स्वालबार्डला, म्हणजे पार उत्तरेकडच्या बर्फाळ बेटांवर, जाऊन शिकारी झाली, मागे दोन मुलं. आई त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. शिकारीचं तिला पटलं नव्हतंच, पण ‘टॅक्सी चालवायची म्हणजे काय गं त्या काळात’ हे तिने दिवसभरात चार वेळा म्हटलं. आमुंडसेनची, म्हणजे दक्षिण ध्रुवावर सगळ्यात आधी पोचलेल्या त्या नॉर्वेच्या माणसाची, पण खोली आहे. तो १८ जून १९२८ ला इथूनच विमानाने, हवाई जहाज कोसळून बेपत्ता झालेल्या नोबिले या इटालियन माणसाला शोधायला निघाला आणि परत आलाच नाही, आणि म्युझियम उघडलं ते बरोब्बर पन्नास वर्षांनी, १८ जून १९७८ ला.

फुकटातली सगळ्यात भारी जागा म्हणजे लायब्ररी. जुन्या सिनेमा थिएटरचं ते कमानदार छत तसंच ठेवून खाली काचेची इमारत केलीये. गरम, स्वच्छ टॉयलेट, मोठ्या खिडक्या, कोणी विचारत नाही कुठून आलात. मी आणि नवरा भटकत असताना आई तिथे दोन दुपारी बसली, चित्रांची पुस्तकं बघत. तिथल्या एका छोट्या मुलीशी तिची दोस्ती झाली, भाषा शून्य, दोघी मिळून एक कोडं जुळवत होत्या. सेंटरमध्ये राहण्याचा हाही एक फायदा बघा, वयस्कर माणसाला एकटं जाऊन एकटं परत येता येतं. वरच्या घरी ती आमच्यावर अवलंबून होती आणि ते तिला आवडत नव्हतं, बोलली नाही कधी.

खाण्याचं थोडक्यात. नळाचं पाणी प्या, बाटली विकत घेऊ नका. एक वेळ किचनमध्ये करा. चौकात राकेटन नावाचा पिवळा टपरीवजा कियॉस्क आहे १९११ चा, तिथे रेनडिअरचा हॉटडॉग मिळतो, नवऱ्याने तीन दिवस तोच खाल्ला. बिअर सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी आठनंतर देत नाहीत, शनिवारी सहानंतर, रविवारी अजिबात नाही, कपाटावर पडदाच ओढतात. ब्रोडर घालून दुकानात शिरू नका, फरशीवर बाहेरच्यापेक्षा जास्त घसरतं, मी प्रयोग केलेला आहे.

उन्हाळ्यात जाणार असाल तर यातलं अर्धं विसरा. २० मे ते २२ जुलैच्या आसपास सूर्य मावळतच नाही, चढावर बर्फ नाही, तेव्हा ते वरचं घर झकास असेल, ते रिव्ह्यू खोटे नव्हते. फक्त खिडकीला जाड पडदे आहेत का विचारा. आणि तेव्हा गाडी घेऊन क्वालोयाला जा, सोमारोयपर्यंत.

आमचा शेवटचा दिवस २१ जानेवारी. थंडीत तिथे दोनेक महिने सूर्य दिसतच नाही. कागदोपत्री तो २१ च्या आधीच क्षितिजावर आलेला असतो, पण दक्षिणेला डोंगर आडवे आहेत, त्यामुळे गावातून दिसायला २१ तारीख उजाडते. त्याला सूलदागेन म्हणतात, सूर्याचा दिवस, आणि त्या दिवशी सूलबोलर खायचे, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोल बन, वर साखर. बेकरीबाहेर रांग, लोक खोकेच्या खोके घेऊन ऑफिसला चाललेले, शनिवार असूनही. आम्ही सहा घेतले. बाराच्या सुमारास सगळे बंदराच्या दिशेने, दक्षिणेकडे तोंड करून उभे. आणि ढग. संपूर्ण ढग. एका ठिकाणी ढगाची कड जरा पिवळी झाली, तेवढ्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, ‘दोन महिने वाट बघून हे?’ शेजारचे एक आजोबा इंग्लिशमध्ये म्हणाले, बन तर मिळाला ना. मी भाषांतर करून सांगितलं तर तिला ते फारच पटलं.

परत येताना बर्फ पडायला लागला होता, मऊ, भुसभुशीत. आईच्या एका हातात खोका, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला बन, जॅम मफलरवर सांडलेला, आणि ती आमच्या दहा पावलं पुढे चालली होती.